टाकीत जपलेला नकार

आमच्या प्रयोगशाळेत भ्रूणं आणि पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाक्या भरणाऱ्या बाईंना सगळे नायट्रोजनबाई म्हणत. त्यांची लेक इथल्याच टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांनी झाली होती. उरलेल्या दोन भ्रूणांच्या फॉर्मवर त्यांनी ‘संशोधनाला द्या’ खोडून ‘नष्ट करा’ लिहिलं होतं.

पुढे बाईंना इथेच नोकरी लागली. एकदा रॅक उचलताना स्टेम सेलच्या एका कुपीवर त्यांना आपल्या फॉर्मवरचाच नंबर दिसला. मोठ्या डॉक्टरांनी भ्रूण मोडून पेशी वाढवल्या होत्या, पण नंबर बदलायचाही आळस केला होता.

बाईंनी कुपी गुपचूप परत ठेवली. चार वर्षं ती टाकी मात्र काठोकाठ भरलेली असायची.

मी म्हटलं, “बाई, जीव अडकलाय तुमचा त्यात.”

“जीव कसला? पुरावा आहे तो. वितळला तर हा मेला डॉक्टर सुटेल.”

अखेर बाहेरची चौकशी समिती आली. डॉक्टर छाती फुगवून म्हणाले, “आमच्याकडे प्रत्येक भ्रूणामागे आईबापांची संमती आहे.”

बाईंनी फॉर्मची जुनी प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

“वाचा, साहेब. मोठ्यानं वाचा. कुपी मी जपून ठेवलीय.”