दार लावून शिकवलेलं गणित

"टीचर, ही शाळा आहे की गोठा?"

सोमवारी वर्गाचं दार ढकलून प्रिन्सिपल मॅडमनी हे विचारलं. त्यांच्या मागं ॲडमिशनला आलेले आईबाप. पुढं माझी चौथीची पोरं.

आमचा खरंच गोठा होता, उचगावला. बापानं म्हशींच्या जिवावर मला बी.एड. केलं. मॅडमना ते ठाऊक होतं.

फळ्यावर इंग्रजीत गणित होतं. राजूची म्हैस बारा लिटर दूध देते, शेजाऱ्याच्या म्हशीपेक्षा चार लिटर जास्त. शेजाऱ्याची किती देते? सगळ्यांनी सोळा लिहिलं. 'मोअर' दिसलं की बेरीज, असं घोटून घेतलेलं. मराठीला शाळेत बंदी. म्हणून नेहमीसारखं मी दार लावलं आणि तेच मराठीत सांगितलं. पोरं एका दमात ओरडली, आठ. तो आवाज बाहेर गेला.

मॅडमनी सगळ्यांदेखत मला पोरांची माफी मागायला लावली. इंग्रजीत. मी मागितली. पोटच्या पोरांपुढं कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

मंगळवारी मुकाट इंग्रजीत शिकवलं. फळ्यावर गणित, पन्हाळ्याच्या बसमध्ये तीस माणसं, जयसिंगपूरच्या बसपेक्षा सहा जास्त. जयसिंगपूरच्या बसमध्ये किती? सानिका, घरोघर दूध घालणाऱ्याची पोर, नुसती फळ्याकडं बघत बसली. शनिवारच्या चाचणीत नापास झाली की ती कच्च्या तुकडीत जाणार. तिथनं पोरं परत येत न्हाईत.

ती उठली. दार लावून आली. हळूच म्हणाली, "टीचर, आता सांगा की."

एवढीशी पोर. आईची भाषा दाराआड बोलायची, हे तिला कळलं होतं. इंग्रजी राहिली बाजूला, लाज मात्र पक्की शिकली. कुणी शिकवली? मॅडमनी. आणि रोज दार लावून मीसुद्धा.

संताप आला. मी उठले, दार सताड उघडलं, खाली विटेचा तुकडा सरकवला. आणि माझ्या उचगावच्या बोलीत, मोठ्यानं विचारलं, "सानिके, पन्हाळ्याच्या गाडीत माणसं जास्त हायत. मग जयसिंगपूरच्या गाडीत?"

"कमी. चोवीस."

मॅडम धावत आल्या. म्हणाल्या, दार लावा, बाहेर पालक आहेत.

"न्हाय लावणार, मॅडम. पोरीला गणित येतंय. इंग्रजी येईल मागनं."

नोकरी जाईल म्हणतात. भीती वाटते, का न्हाय वाटणार? तरी रोज सकाळी आधी ती वीट दाराला लावते, मग हजेरी घेते. सानिकाला कच्च्या तुकडीत टाकायचं असलं तर आधी मला बाहेर काढा, हे मॅडमना तोंडावर सांगून ठेवलंय.