आईच्या पिशवीतली तुरटी

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं गेलं आणि दोन्ही वेळा मी तिच्यावरच खेकसले. बारामतीचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणायचे, साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. गोळ्या वाढवल्या तरी साखर जागची हलेना. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की तिकडं गावाला, कळसला, ही बाई चोरून गोड खाते. कुणाकडं बारसं झालं, कुणाचा मुलगा भरती झाला की पेढा हातावर पडतोच, आणि आईला नाही म्हणता येत नाही.

शेवटी तिला जळोचीला माझ्याकडं आणलं. आठ दिवस स्वतः मोजून वाढलं, समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या. ती मुकाट्यानं भाकरी आमटीत कुस्करून खायची. वय झालं की असंच असतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी तिच्या बोटाला सुई टोचून बघितलं तर साखर तेवढीच. माझं डोकंच फिरलं. ती आंघोळीला गेली आणि मी तिची पिशवी फरशीवर उलटी केली.

पेढे नव्हते. गुळाचा खडासुद्धा नव्हता. तुरटीचा एक तुकडा, कागदाच्या पुडीत लवंगा आणि जुन्या लुगड्याची धुतलेली फडकी, त्यांवर रक्ताचे फिकट डाग.

आई केस पुसत बाहेर आली. मला वाटलं, आता रागावेल. ती खाली बसली आणि एकेक वस्तू चाचपडत परत पिशवीत भरायला लागली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, हिरड्यांतून रक्त येतंय हे तिनं वर्षभर दाबून ठेवलं होतं. वरची एक दाढ हलत होती. का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली,

"डाक्टर दाढ काढा म्हणंल. वरची दाढ काढली की नजर जाती. मला आंधळी हून कुनाच्या हाताला धरून न्हाय चालायचं."

डोळे वाचावेत म्हणून तिनं हिरड्या लपवल्या आणि मी तिला चोर ठरवत बसले होते. मला माझीच लाज वाटली. मी कंगवा घेतला आणि तिचे ओले केस विंचरून दिले.

दातांची डॉक्टर अगदी तरुण होती. तिनं समजावून सांगितलं की हिरड्यांत पू असला तर साखर उतरायला मागत नाही आणि साखर चढलेली असली तर हिरड्या बऱ्या होत नाहीत. दाढ काढल्यानं मात्र नजर जात नाही. आईला हे पटलं असं काही नाही. पण त्या पोरीनं 'आजी' म्हणत तिचा हात हातात घेतला, म्हणून तिनं तोंड उघडलं.

दोन-तीन खेपांत हिरड्यांची आतून सफाई झाली. दाढ शेवटी काढावीच लागली. त्या संध्याकाळी आई एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

गोळ्या त्याच होत्या, पण आता साखर हळूहळू खाली यायला लागली. पुढच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघून डोळ्यांचे डॉक्टर एकदाचे तयार झाले आणि ऑपरेशन नीट पार पडलं.

पट्टी काढली तेव्हा मी तिच्यासमोरच बसले होते. तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. मला वाटलं, किती दिवसांनी नीट दिसतेय, मायेनं बघतेय.

"आ कर," ती म्हणाली. मी केलं. तिनं बोटानं माझा ओठ वर उचलला.

"तुजीबी हिरडी सुजलीय. कवापासनं?"

ब्रशला रक्त दिवाळीपासून येत होतं. मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःची साखर तपासून घ्यायची भीती वाटत होती.