मुठ्याच्या बिळात हात

मी तेव्हा नववीत होते. डोळखांबकडच्या आमच्या शेतात आईनं मुठे, म्हणजे खेकडे पकडायला बांधातल्या बिळात हात घातला नि झटकन बाहेर काढला.

"मुठा चावला गो," ती बोलली.

मला काय ते पटेना. खेकडा चावला तर हात कोपरापर्यंत सुजतो का? मी तिला भाड्याच्या जीपमध्ये घालून सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली नि घड्याळ बघत बसले. इंजेक्शन नाय, गोळी नाय. मला वाटलं, हे आमाला टाळतायत.

"हात सुजत चाललाय नि तुमी टाइम काय बघताय?"

"वीस मिनिटं थांब. नळीला हात लावू नको."

"चल घरी," आई बोलली. "डॉक्टरला पण मुठाच वाटतोय."

वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त गोठायला पाहिजे होतं, ते पाण्यासारखं वाहिलं.

"साप चावलाय," डॉक्टर म्हणाले नि लगेच सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली, तेव्हा कुठे आईनं कबूल केलं.

"आत मऊ लागलं होतं गो. मला वाटलं, कवच टाकलेला मुठा आसंल."