साधनाच्या घरचा कायदा

बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा साधनाच्या घरचा कायदा होता. नवरा शिरीष मरीन इंजिनिअर. भर समुद्रातून तो करणार तरी काय? म्हणून सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा परदेशातल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटमधून तिने फोनवर "इकडे सगळं ठीक" एवढंच सांगितलं. बोट बंदराला लागल्यावर त्याला कळलं, आणि तो कित्येक दिवस तिच्याशी धड बोलला नाही. कायदा मात्र बदलला नाही. त्यांची एकुलती एक लेक निशिगंधा तेव्हा शेजारीच उभी होती. मुलं ऐकून नाही, बघून शिकतात.

ही निशिगंधा शिकायला कॅलिफोर्नियात गेली आणि सीडर बेंड नावाच्या डोंगरातल्या एवढ्याशा गावात शिक्षिका झाली. सोनं शोधायला आलेल्यांनी ते गाव वसवलं, सोनं संपल्यावर लाकडाच्या गिरणीने पोसलं. पुढे गिरणीही बंद पडली, तरी शे-दोनशे घरं हट्टाने तिथेच राहिली. हे सगळं तिला सांगायची तिची घरमालकीण नॉर्मा, ऐंशी उलटलेली, गिरणी कामगाराची मुलगी. कुणाच्या आजोबांचा हात करवतीत गेला, टेकडीवरच्या कबरी कुठल्या चिनी मजुरांच्या, म्हातारीला सगळं तोंडपाठ. निशिगंधा ते दर रविवारी आईला ऐकवायची. आपल्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर कोण राहतं हे साधनाला ठाऊक नव्हतं, पण सीडर बेंडची भांडणं तिला तीन पिढ्यांपर्यंत माहीत होती!

२०१६च्या उन्हाळ्याच्या शेवटी, शाळा नुकत्याच सुरू झाल्या असताना, त्या डोंगरांत वणवा लागला. सकाळी साधना पोळ्या लाटत असताना लेकीचा मेसेज आला : "आई, सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस."

दुसरी कुणी असती तर तिच्या जिवात जीव आला असता. साधनाने मात्र हेच शब्द स्वतः बोटीवर कळवले होते. शिरीष तर बोटीवर, सांगणार कुणाला? मन चिंती ते वैरी न चिंती. तिने गॅस बंद केला आणि फोन लावत सुटली. किती वेळाने तो लागला.

"घरी आहेस?"

"हो."

"मग मागे एवढा गलका कसला?"

"शाळेत कार्यक्रम आहे, आई."

"घरी आहेस की शाळेत?" साधनाचा आवाज चढला. "निशी, मी बोटीवर नाहीये. मला खोटं सांगू नकोस!"

पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं.

"घर गेलं, आई. शाळा गेली. मी शाळेतल्या मुलांना गाडीत घालून निघाले. नॉर्माला न्यायला परत जाणार होते, पण रस्ता बंद केला. इथल्या कुठल्याच मदत छावणीत ती नाहीये."

लेक जिवंत आहे, एवढंच आधी साधनाला कळलं, आणि तिला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली. ती तिथेच ओट्याला टेकून खाली बसली.

"ती निघाली असेल ना गं दुसऱ्या कुणाबरोबर?" निशिगंधाने विचारलं.

"हो" म्हणायला साधनाला काहीच लागलं नसतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

"मला नाही वाटत, बाळा," ती म्हणाली.

निशिगंधा मोठ्याने रडू लागली. साधनाने तिला गप्प केलं नाही.