ती वाट पाहत बसली नव्हती

आमच्या गावात तिच्याविषयी जे बोललं जातं ते खोटं आहे. ते खोटं आहे हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. मला चौऱ्याऐंशीवं वर्ष चालू आहे, हात कापतो, एक पान लिहायला सकाळ जाते. तरी हे दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी म्हसावदकडच्या या आमच्याच गावी मराठी शाळेत साहाय्यक शिक्षक होतो. वय तेविशीचं. लढाई सुरू झाल्यावर मामलेदार कचेरीतून हुकूम आला आणि चावडीच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा लागला. त्यावर रोज लढाईची बातमी लिहायची, म्हणजे लोकांत अफवा पसरणार नाहीत. हे काम माझ्याकडे आलं, कारण हेडमास्तरांना दम्यामुळे खडूची धूळ सोसत नसे. वर्तमानपत्र दोंडाईचा स्टेशनवर उतरे, सारंगखेड्याला नावेतून तापी ओलांडे आणि शहाद्यावरून टपालवाल्याच्या थैलीतून तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येई.

लढाईची बातमी कुणालाच आवडत नसे. आपलं सैन्य आधी ठरल्याप्रमाणे मागे आलं, हेच रोज. म्हणून मी फळ्याचे तीन भाग केले. डावीकडे ‘आजचा दिवस’, मध्ये लढाई, उजवीकडे ‘नवलवार्ता’. आजच्या दिवशी पूर्वी काय घडलं ते माझ्याकडच्या एका जुन्या रोजनिशीत छापलेलं होतं. नवलवार्ता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत असत. कुठल्याशा देशात एक माणूस अकरा दिवस झोपून होता. कुठे कोंबडीने मांजरीची पिल्लं पंखाखाली घेतली. संध्याकाळी शेतातून परतणारी माणसं फळ्यासमोर थांबत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत.

अकरा दिवस झोपलेल्या माणसाची बातमी वाचली गेली तेव्हा पाटलांचा धाकटा भाऊ म्हणाला, “गुरजी, यामा काय नवल शे? मन्हा सालदार वरीसभर झोपेल शे. त्यानं नाव लिखा फळावर!”

सालदार, म्हणजे त्यांचा सालाने ठेवलेला गडी, तिथेच उभा होता. तो म्हणाला, “लिखा गुरजी, पन खाले लिखजात, जागा व्हयना तं मालकले काम करनं पडी.”

असा सगळा हशा. त्या हशाची मला चटक लागली. शाळेत मला हेडमास्तर विचारत नसत, घरी वडील विचारत नसत. त्या फळ्यापुढे मात्र पन्नास माणसं माझी वाट पाहत.

रोजनिशीची काही पानं वाळवीने खाल्ली होती. त्या तारखा आल्या की मी एखाद्या राजाचा मृत्यू पुढच्या आठवड्यातून अलीकडे ओढून आणी. कुणाला काय कळणार? एका राणीला तर मी वर्षातून दोनदा मारलं. तेव्हा मला याची मजा वाटायची.

गाव जिच्याविषयी बोलतं, तिचा नवरा सिंगापूर पडलं तेव्हा तिकडे पलटणीत होता. बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला तो मीच वाचून दाखवला होता. त्यानंतर दीड वर्षं काही कळलं नाही. तिला मूल नव्हतं. वय असेल वीस-एकवीस. त्यांच्या समाजात अशा बाईचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, मोठा थाटमाट न करता. पण नवरा गेला असं धरून आधी पंचांनी मोकळीक द्यावी लागते, आणि बाईला चार माणसांत तिची मर्जी विचारावी लागते.

त्या श्रावणात पंच चावडीत बसले. मी खडू घेऊन बाहेर फळ्यापाशी होतो, सगळं ऐकू येत होतं. तिचा भाऊ आला होता. कळसाडीचा एक माणूस तयार होता. बायको बाळंतपणात गेलेली, दोन लहान मुली, घरचा कापूस. पंचांनी विचारलं, “बाई, तुन्ही मर्जी काय शे?”

ती स्पष्ट बोलली, “मी जास.”

‘मी जाते’ असं सांगणारे हे दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. पंचांनी मोकळीक दिली. एक अट मात्र घातली. गाडी निघेपर्यंत नवरा जिवंत असल्याची काही खूण कळली, तर मोकळीक रद्द. पाचव्या दिवशी भाऊ गाडी घेऊन यायचा होता.

याच दिवसांत तापीला पूर आला. नावा बंद झाल्या, वर्तमानपत्र आठ दिवस आलं नाही. लढाईच्या रकान्यात मी ‘टपाल आले नाही’ असं लिहीत राहिलो. नवलवार्ता दोन दिवस जुन्या अंकांतल्या लिहिल्या, तर लोकांनी ओळखल्या. “शिळी भाकर वाढी ऱ्हायनात गुरजी,” असं कुणीतरी म्हणालं आणि चार-पाच जण फळ्याकडे न बघताच निघून गेले. मला ते फार लागलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेवढंच कारण होतं. दुसरं काही नाही.

त्या सकाळी मी मनाने बातमी रचली. ‘सातारा जिल्ह्यातील एका शिपायास सरकारने बेपत्ता ठरविले होते. तो दीड वर्षाने रानावनांतून पायी चालत घरी परतला. दाढी व जटा वाढल्याने त्यास कोणी ओळखले नाही. पत्नीने मात्र आवाजावरून ओळखले.’

बेपत्ता, दीड वर्ष, हे माझ्या डोक्यात कुठून आलं? चावडीत ऐकलेल्या तिच्याच गोष्टीतून आलं. तिचं दुःख मी खडूला लावलं आणि ते तिचं आहे हेही विसरलो. तो पाचवा दिवस आहे हेही माझ्या ध्यानात नव्हतं.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. दहाच्या सुमाराला भावाची गाडी चावडीसमोरच्या मारुतीपाशी थांबली. ती खाली उतरली, पाया पडली, परत गाडीत बसली. हिरवं लुगडं नेसली होती. मांडीवर एक पितळी डबा होता. इकडे फळ्यासमोर बातमी वाचली जात होती आणि ‘आवाजावरून ओळखले’ या शब्दांवर लोक वा वा करत होते. तिची सासू सुनेला निरोप द्यायला आली होती, तिने ते ऐकलं. म्हातारी गाडीच्या आडवी धावली.

“थांब व माय, थांब! काय लिखेल शे ऐक! मन्हा पोऱ्याबी येई! तोबी येई!”

बैल बिचकले. भाऊ कासरा ओढत ओरडला, “तो सातारना शे, तुन्हा पोऱ्या नही!”

पण ती उतरली होती. सरळ माझ्यासमोर आली. आजवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिने विचारलं, “गुरजी, हाई खरं शे का?”

तिथे पाटील होते, तिघे पंच होते, शहाद्याहून आलेला कचेरीचा कारकून होता. खोटं आहे असं म्हटलं असतं तर सरकारी फळ्यावर अफवा लिहिली म्हणून नोकरी गेली असती. आणि ती पन्नास माणसं माझ्यावर हसली असती. आधी मला काय आठवलं, नोकरी की हसणं, ते देवालाही सांगता येणार नाही मला.

मी म्हणालो, “छापेल शे.”

पंचांनी आपसांत बघितलं. एक जण म्हणाला, दीड वर्षाने परतणारे परतताहेत, तर आपण घाई केली असं नको व्हायला. टपाल सुरू होईपर्यंत थांबू. भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. ती डबा घेऊन सासूमागे घरी गेली. जाताना तिने मागे पाहिलं, गाडीकडे.

पूर ओसरला. वर्तमानपत्रं एकदम नऊ आली. त्यांत ती बातमी कुठून असणार? एकाने विचारलंच, तर मी म्हणालो, तो पुराआधीच्या शेवटच्या थैलीतला अंक होता, भिजून लगदा झालेला, वाचला आणि टाकला. पंच पुन्हा बसले नाहीत. आता ती रोज संध्याकाळी निंदणीहून परतताना फळ्यापासून दहा पावलांवर थांबू लागली. विळा कमरेला, डोक्यावर गवताचा भारा. भारा खाली ठेवत नसे. वाचणारा थांबला की निघून जाई. मला ते सहन होईना, आणि मी काय केलं, तर त्या साताऱ्याच्या शिपायाची आणखी एक बातमी लिहिली. गावाने त्याला बैलजोडी दिली. पुढे आणखी एक, त्याच्या बायकोने कसं दीड वर्ष दारात दिवा ठेवला होता. तिला बरं वाटेल म्हणून लिहिलं असं मी स्वतःला सांगत होतो.

भाद्रपद संपता संपता तिचा भाऊ शाळेत आला. दुपारची सुट्टी होती. तो खाली जमिनीवर बसला, मी खुर्चीत. त्याने हात जोडले.

“गुरजी, तो पेपर मले द्या. पंचले दाखाडस. तठल्या मानूसनं गाव येगळं, पलटन येगळी, हाई त्या वाचतीन तं मन्ही बहीनले सोडतीन.”

“पेपर भिजला.”

“मंग तुम्ही येवा. इतलंच सांगा, त्या बातमीना आन् आम्हना काही संबंध नही. कळसाडीना मानूस नवरात्रलोंग थांबी, पुढे नही. त्याना पोरी ल्हान शेत. मन्ही बहीन आठे मरी जाई गुरजी. ती सासूनं ऐकी ऱ्हायनी, कारन तुम्हनं ऐकेल शे.”

मी खोलीत फेऱ्या घालू लागलो. त्या दिवशी फळ्यावर काय होतं ते मला आजही आठवतं. कुठल्याशा शहरात एका शिंप्याने चालत्या घोड्यावर बसून सदरा शिवला. माणूस पायाशी बसून विनवतो आहे आणि माझ्या डोक्यात तो शिंपी.

मी म्हणालो, “मी काय सांगणार? पेपरात होतं ते लिहिलं.”

तो उठला. टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, “तुम्ही शिकेल मानसं शेत,” आणि गेला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

कळसाडीच्या माणसाने दसऱ्यानंतर दुसऱ्या एका बाईशी पाट लावला.

लढाई संपली. आजूबाजूच्या गावांचे दोन-चार शिपाई परतले. दरवेळी मोटार आली की म्हातारी रस्त्यावर जाऊन उभी राही. मग सरकारी पाकीट आलं. वाचायला मलाच बोलावलं. ओसरीवर सासू, दीर आणि दाराआड ती. कैदेत असताना आजाराने मृत्यू, असं त्यात होतं. खाली तारीख होती. ती तारीख मी फळ्यावर लिहिलेल्या बातमीच्या सात महिने आधीची होती. म्हणजे ती मारुतीला नमस्कार करून गाडीत बसली, तेव्हा तो जाऊन सात महिने झाले होते आणि ती मोकळीच होती.

मी पत्र मोठ्याने वाचलं आणि तारीख गाळली.

दाराआडून तिने विचारलं, “कवय?” कधी, ते तिला हवं होतं.

मी म्हणालो, “लढाईमा.”

पुन्हा कुणी पाटाची गोष्ट काढली नाही. भाऊ त्याआधीच तापाने गेला होता. दिराच्या घरात ती राहिली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायची. दिराची मुलं तिने वाढवली, ती मोठी झाल्यावर तिला मागची खोली मिळाली. मी बदली होऊन बाहेर गेलो, संसार केला, हेडमास्तर झालो, निवृत्त होऊन परत आलो. परत आलो तेव्हा ती पूजनीय झाली होती. नवऱ्यासाठी जन्मभर थांबलेली बाई म्हणून नव्या सुना तिच्या पाया पडायला येत.

मी एकदा गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, बातमी, पेपर, तारीख. ती ऐकताना सूप हलवत होती. मग सूप थांबलं.

“आखी बातमी बनाडेल?”

“आखी.”

“मंग ती सातारनी बाई?”

“ती बी नव्हती.”

तुरीकडे बघत ती म्हणाली, “मी रोज तिना ईचार करू. म्हनू, मन्हं नही ते नही, तिनं तरी घर उभं ऱ्हायनं.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “कळसाडीना मानूस शे का आजून?” मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मी कधी चौकशीही केली नव्हती.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, “गुरजी, गावले एक सांगी द्या. मी जायाले निंघेल व्हती. वाट पाहेत बठेल नव्हती. मले कोन्ही ईचारत नही, नुसता पाया पडतस. सांगशात ना?”

मी “सांगस” म्हणालो.

ती त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि मी सांगितलं नाही. तिच्या दहाव्याला नदीवर गाव लोटलं होतं. जुना मास्तर म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी उभा राहिलो, आणि तिच्या निष्ठेबद्दल बोललो. बायका डोळे पुसत होत्या.

आता शाळेच्या स्मरणिकेत तिच्यावर एक पान टाकायचं ठरलं आहे आणि ते लिहायला माझ्याकडे आलं आहे. हेच ते पान. त्यांनी छापावं किंवा फाडून टाकावं. ती थांबली नाही, तिला मी थांबवलं. पंचांनी विचारलं तेव्हा ती “मी जास” म्हणाली होती. ती गाडीत बसली होती, आणि बैलांचं तोंड कळसाडीकडे होतं.