सुगराबीचा नकाशा

सुगराबी कुणाला नाव विचारत नसे, गाव विचारी. बांगड्या भरायला बसलेल्या बाईचा हात ती आधी अंगठ्याने दाबून पाही आणि म्हणे, "माहेर कोनतं व तुहं?" उत्तर आले की लगेच, "अन् बहीण कुठी देल्ली?" बांगड्या भरून होईपर्यंत त्या घरात कोण कुठून आले आणि कोण कुठे गेले, हे सगळे तिला कळलेले असे. "बाईचा पत्ता दोन गावचा असते," असे ती नेहमी म्हणे.

वाशीमजवळच्या एका खेड्यात मी तेव्हा शाळामास्तर होतो, वय पंचविशीच्या आत. सुगराबी पन्नाशीची, विधवा, जातीची मनेरीण, म्हणजे बांगड्या विकणारी. कारंजाहून माल आणायची आणि डोक्यावर पाटी घेऊन रिठदपासून पोहरादेवीच्या जत्रेपर्यंत पायी फिरायची. अक्षरओळख नव्हती, म्हणून तिची पत्रे मी लिही. एकुलती लेक जैतून नवऱ्याबरोबर बऱ्हाणपूरला विणकामाला गेली होती. दीड वर्षात तिची खबर नव्हती. मी लिहिलेली दोन्ही पत्रे परत आली होती.

खानेसुमारी नुकतीच झाली होती; गावातली माणसे मोजण्याचे काम माझ्याकडेच होते. शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांचा हुकूम आला: गावात माणसे कुठून आली आणि गावातून कुठे गेली, याचा नकाशा प्रत्येक शाळेने करून ठेवावा. माझ्याजवळ आकडे होते, पण त्यांचा नकाशा कसा करायचा ते सुचेना. ओसरीत कोरा कागद पसरून बसलो होतो, तेवढ्यात सुगराबी पाणी प्यायला टेकली.

"काय करून राह्यले, मास्तर?"

मी सांगितले. ती हसली. "हे तं माह्या डोयासमोरच असते."

पाटीच्या तळातून तिने फुटक्या बांगड्यांचे गाठोडे काढले. सारवलेल्या जमिनीवर मधोमध एक दगड ठेवला. ते आमचे गाव. मग लग्न होऊन आलेल्या-गेलेल्या बायकांचे हिरवे तुकडे, एका बाईला एक, त्या त्या गावाच्या दिशेने. बडनेऱ्याच्या गिरणीत गेलेल्यांचे काळे. मारवाडातून येऊन दुकान टाकलेल्यांचे पिवळे. माणसे जास्त, तिथे ओळ रुंद. तासाभरात रिसोडकडे हिरवा पाट वाहू लागला आणि बडनेऱ्याकडचा काळा पट्टा हाताएवढा जाड झाला. महिनाभर दारोदार फिरून मी माणसे मोजली होती, पण गाव कोणत्या बाजूने रिकामे होते आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

उत्तरेला, सगळ्यांपासून सुटा, एकच निळा तुकडा होता.

"हा कुणाचा?"

"माही जैतून." मग ती जरा पुढे सरकली. "सायेब बऱ्हानपूरचा हाय म्हन्तेत. नकाशा पायला का त्याले इचारजा, मास्तर. जवायाचं नाव लिहून देजा. तिथला मानूस हाय, त्याले सापडन."

मी शब्द दिला आणि तो सबंध नकाशा रंगीत शाईने कागदावर उतरवून घेतला.

साहेब आले. नकाशावरून त्यांची नजर हलेना. "कुणाला सुचलं हे?"

"मलाच, साहेब."

सुगराबी दाराबाहेर, बोलणे ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, पाटी खाली ठेवून उभी होती. साहेबांनी निळ्या रेघेवर बोट ठेवले. "बऱ्हाणपूरला कोण गेलंय? आमचं गाव ते."

तिथेच सांगायचे होते. पण जैतूनचे नाव काढले की आईचे निघणार, आणि आईचे निघाले की नकाशा खरा कुणाचा, तेही निघणार. "एक विणकर गेलाय, साहेब," एवढेच म्हणालो आणि कागद गुंडाळला.

साहेबांची गाडी गेल्यावर ती जवळ आली. "इचारलं?"

"विचारलं. बघतो म्हणाले."

पुढे दर खेपेला ती विचारी आणि मी काहीतरी सांगे. नकाशा जिल्ह्याच्या प्रदर्शनात माझ्या नावाने लागला, मला हेडमास्तर केले. आता तर खरे सांगणे आणखी अवघड झाले. एके दिवशी म्हणून टाकले, "पत्ता लागला नाही म्हणतात."

तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "सायबाले बी नाई सापडली, तं मंग नसंनच."

आठवड्याने तिने जैतूनच्या नावाने, मेलेल्या माणसासाठी देतात ती फातिहा दिली आणि गोड भाताची थाळी माझ्या घरी आणली. मी तो भात खाल्ला. नको म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते.

दोन वर्षांनी मेहुण्याच्या लग्नासाठी बऱ्हाणपूरला जाणे झाले. सकाळी एकटाच विणकरांच्या मोहल्ल्यात गेलो. तिसऱ्या दारात चौकशी केली, तर आतून जैतूनच बाहेर आली, कडेवर मूल. नवऱ्याच्या आजारपणात दोनदा घर बदलले होते. "पत्र लिहून देनारं कोनी भेटलं नाई," ती म्हणाली, "अन् मायचं बी येईना. मले वाटलं, मायनंच सोडलं." सगळा शोध घटकाभराचा होता.

परत आल्यावर सुगराबीला सारे सांगितले. साहेबांना मी विचारलेच नव्हते, हेसुद्धा.

ती म्हणाली, "जित्या लेकीची फातिहा देल्ली मी. अन् तुमी तो भात खाल्ला, मास्तर." नंतर पदराने तोंड पुसून म्हणाली, "लेकरं किती हायेत तिले?"

"दोन."

चार दिवसांत उरलेला माल विकून ती निघाली. वाशीम स्टेशनापर्यंत येतो म्हणालो, तर "राहू द्या" म्हणाली. मीही पुन्हा विचारले नाही. गावच्या बायकांनी तिला वाटेत गाठले. "कशी व सापडली पोट्टी?"

"मास्तरनं पायली," तिने सांगितले. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

पाच-सहा वर्षांनी ती बऱ्हाणपुरातच, लेकीजवळ वारल्याची खबर आली. पारावर तिच्या आठवणी निघाल्या. पाटलीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्यानं त्या माउलीले शेवटी लेकीच्या हातचं पानी भेटलं, मास्तर. मोठं पुन्य केलं तुमी."

चारचौघांनी माना हलवल्या. मी खाली पाहत राहिलो. लोकांना तो माझा विनय वाटला.