जगनचे लाल गुलाब

ओवे गावचा जगन म्हणजे पक्का शंकेखोर माणूस. अंडं दोनदा उजेडात धरून बघायचा, मैद्याचं पोतं उघडलं की आधी त्यात नाक खुपसायचा. बायकोनं, भामानं, चहा पुढे केला तरी "दूध कुणाकडचं?" विचारल्याशिवाय कप तोंडाला लावायचा नाही. तरुणपणी माझगावला एका गोवेकर म्हाताऱ्याच्या बेकरीत राबून तो केकवरचं आयसिंग शिकला आणि छप्पन साली त्यानं पनवेलच्या बाजारात स्वतःची भट्टी घातली. पाव काय, कुणीही भाजतो. पण साखरेचे गुलाब काढावेत ते जगननंच, असं लोक म्हणत, आणि लोकांच्याही आधी तो स्वतः म्हणे.

त्या गुलाबांची साखर दळायची सोमी. डोंगराकडच्या कातकरवाडीतली, चाळिशीची, कामापुरतं बोलणारी बाई. सकाळी यायची, जात्यावर साखर दळायची, मलमलीतून तीनदा चाळायची आणि दुपारी निघून जायची. बाजारच्या पिठीसाखरेवर अर्थातच जगनचा विश्वास नव्हता.

भानगड सुरू झाली ती कामोठ्याच्या बुधाजीमुळे. बुधाजी मिठागरवाला, नातवाचा पहिला वाढदिवस होता. शुभकार्याला त्याच्या घरात फिका रंग चालत नसे. "कुंकवावानी लाल फुलं काढ रं जगन," असं बजावून तो गेला, आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी केकचा उरलेला तुकडा घेऊन परत आला.

"खा," बुधाजी म्हणाला. "आमच्या पावन्यांनी थुकली तुझी फुलं. आयतवारी पोरीचा साखरपुडा हाय. तवाबी असाच कडू निघाला, तं या पट्ट्यात तुझा केक कोन खातो तेच मी बघतो."

जगननं पाकळी जिभेवर ठेवली. खरंच कडू होती. बुधाजीचा शब्द साऱ्या खाडीकाठच्या गावांत चालायचा. दुकान बसायला एवढं पुरे होतं.

मग सुरू झाला शोध. लिंबं कडू निघाली का? ती चोखून पाहिली. दूधवाल्यानं काही केलं का? पण आयसिंगमध्ये दूध होतंच कुठे! पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं कुणाला फितवलं का, याचा विचार करताना त्याची नजर जात्यावर गेली, जात्यावरून सोमीच्या हातांवर गेली आणि तिथंच थांबली. थंडीत वाडीतले लोक हातापायांच्या भेगांना करंजाचं तेल चोळतात. करंजाचं तेल म्हणजे कडू जहर. झालं, जगनला गुन्हेगार सापडला.

"करंजाचं तेल लावून साखरेत हात घालतेस?" गिऱ्हाइकांसमोरच तो गरजला.

"नाय, शेट. कामाच्या दिसाला मी तेल लावत नाय." सोमीनं दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "हुंगून बघ."

"अवो, बघा तरी," भामा आतून म्हणाली.

जगननं तोंड फिरवलं. असल्यांचे हात हुंगायचे दिवस अजून आपल्यावर आले नाहीत, असं म्हणाला. ते ऐकून सोमीनं पदराला हात पुसले आणि ती गेली. इतकं वाईट तो याआधी कधी बोलला नव्हता, निदान भामाला तरी आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यानं स्वतः साखर दळली. खांदे भरून आले. पांढरं आयसिंग घोटलं, थोडं कळ्यांसाठी गुलाबी केलं आणि उरलेल्यात लाल रंगाची पूड घातली. रंग गुलाबीच दिसला. अजून घातली. तरी कुंकू काही दिसेना. डबीतली निम्मी पूड संपली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

भामानं तिन्ही वाट्यांतून बोट फिरवून चाखलं. "पांढरा गोड हाय. गुलाबी पन गोड. लाल कडू." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "साखर तं आज तुमीच दळलीत ना?"

ही सोमीची बाजू घेतेय, असं त्याला आधी वाटलं. मग त्यानं चिमूटभर रंग पाण्यात कालवून जिभेला लावला आणि तीनदा चूळ भरली. कडू होता तो रंगच. माझगावचा म्हातारा लाल रंग आदल्या दिवशी कालवून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा. चिमूटभरच घालायचा, रात्रीतून तो आपोआप गडद व्हायचा. दहा वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण बुधाजीच्या कुंकवापायी जगननं तेवढा धीर धरला नव्हता.

ते सगळं त्यानं फेकून दिलं, चिमूटभर रंगाचं नवं आयसिंग कालवून झाकून ठेवलं. रविवारी सकाळी ते छान लाल झालं होतं. बुधाजीच्या पाहुण्यांनी केक बोटं चाटून संपवला.

जगन मात्र जेवायला थांबला नाही. एक गुलाब कागदात गुंडाळून तो आपटा गावाच्या वाटेवरच्या वीटभट्टीवर गेला. सोमी आता तिथं विटा वाहत होती.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. हे शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारले असतील. "रंगच कडू होता. हा बघ, आता गोड झालाय."

सोमीनं एक पाकळी मोडून तोंडात टाकली. बराच वेळ ती घोळवत राहिली.

"असा लागतो व्हय," ती म्हणाली.

"म्हणजे? चार वर्षं तूच तर दळत होतीस!"

"दळत व्हते. खाल्ला नाय कदी. बोट तोंडाला गेला असता, तं तू चोर म्हनला असतास."

तो तसं म्हणाला असता, हे जगनला पक्कं ठाऊक होतं. खाली मान घालून त्यानं विचारलं, "उद्यापासून येशील ना?"

सोमीनं चुंबळ सारखी केली आणि विटांची पाटी डोक्यावर घेतली.

"नाय, शेट. हितं माझ्या हाताकडं कोन बघत नाय."